कृपया हात लावावा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची दोन कपाटे होती. एकात सूक्ष्मदर्शक, तराजू, लोलक, चुंबक अशा वस्तू मांडलेल्या होत्या. दुसऱ्यात बरण्यांतले बेडूक आणि साप. दोन्ही कपाटांना कुलपे होती आणि कुलपांच्या वर एकेक पाटी होती, 'हात लावू नये'. त्या पाटीचे आम्ही इतके मनापासून पालन केले की पुढे विज्ञान म्हटले की मला ती पाटीच आठवू लागली. गाभाऱ्याबाहेरून दर्शन घ्यावे तसे आम्ही काचेबाहेरून विज्ञानाचे दर्शन घेत असू आणि वर्गात परत येऊन 'चुंबकाचे गुणधर्म' पाठ करीत असू.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विज्ञानावर लिहायला घेतले हे पाहून माझ्या मैत्रिणी हसतील. त्यांनी खुशाल हसावे. मी लिहिते आहे ते खरे तर आमच्या घराबद्दल आहे. विज्ञान त्यात मधे आले, एवढेच.

विज्ञानाचे आणि माझे फाटले ते बारावीत. अकरावी-बारावीला मी विज्ञान शाखेत होते, हे वर्गात फार थोड्यांना माहीत आहे. मीच ते कोणाला सांगत नसे. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका टेबलाशी आम्ही सहा जण. उपकरण मुलांच्या हातात, वही आम्हा मुलींच्या हातात. ते आकडे सांगत, आम्ही लिहीत असू. आकडे चुकले तर मागच्या वर्षीची वही होतीच. दोन वर्षांत मी स्वतः एक तारसुद्धा जोडली नाही. परीक्षेत मात्र बाहेरून आलेल्या सरांनी माझ्यापुढे तारा, बॅटरी आणि मीटर ठेवले आणि म्हणाले, "हं, जोडा." माझे हात गार पडले. लेखी परीक्षेत काय झाले ते सांगण्यासारखे नाही. भौतिकशास्त्रात मी नापास झाले.

अण्णा रेल्वेत सिग्नल विभागात आहेत. दहावी झाल्यावर आय. टी. आय. केले, खलाशी म्हणून लागले आणि पुढे परीक्षा देत देत मेंटेनर झाले. आपल्या मुलीने इंजिनियर व्हावे अशी त्यांची फार इच्छा होती. क्लासची फी त्यांनी जादा पाळ्या करून भरली होती. निकालाच्या रात्री ताटावर बसल्यावर ते एवढेच म्हणाले, "बरं." ओरडले असते तर मला सोसले असते. त्या 'बरं'नंतर तीन वर्षे आमचे बोलणे बंद नव्हते, पण ते मीठ दे, पंखा बंद कर, दार लाव एवढ्यापुरते उरले. मी पुन्हा बारावीला बसले, कला शाखेतून पास झाले, या महाविद्यालयात आले, मराठी घेतले आणि रमले. घरी मात्र मी रमले आहे हे सांगायचीही चोरी वाटे.

अशा घरात एक दिवस माझा धाकटा भाऊ, तेव्हा सातवीत असलेला, शाळेतून ओरडतच आला. त्यांच्या सरांनी सांगितले होते की फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या निमित्ताने पुण्याची आयुका सगळ्यांना आतून पाहता येते. तिथे मुलांना खेळणी करू देतात, आणि कोणी रागावत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सी. व्ही. रामन यांचा शोध जाहीर झाला, म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. हे त्याने एका दमात म्हणून दाखवले आणि मग म्हणाला, "अण्णा, आपण सगळे जाऊ या."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. "ती मोठ्या लोकांची जागा. आपण काय करायचं तिथं?" असे म्हणून ते पेपर वाचू लागले. पण आजी मधे पडली. "पोरगं कधी काय मागतंय का? आन् मला पन यायचंय." आजी येणार म्हटल्यावर आई येणार, आणि आई येणार म्हटल्यावर घरी मी एकटी राहणार कशी?

सकाळच्या शटलने निघालो. आजीने धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. पाटस, केडगाव, यवत, उरुळी अशी स्टेशने येत होती. गाडी दूधवाल्यांनी, कामावर जाणाऱ्यांनी आणि कॉलेजच्या मुलांनी भरत होती. अण्णा खिडकीतून प्रत्येक सिग्नलकडे पाहत होते. रेल्वेचा माणूस रेल्वेत बसला तरी ड्यूटीवरच असतो.

पुणे स्टेशनबाहेर एक गंमत झाली. आम्हाला जायचे होते ते आयुकातल्या 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'त. अण्णांनी एका रिक्षावाल्याला विचारले, "मुक्तांगणला कसं जायचं?" त्याने अण्णांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले, मग आईकडे आणि आम्हा मुलांकडे पाहिले आणि फार मायेने म्हणाला, "या, बसा. होतंय सगळं नीट. माझा मेहुणाबी तिथं राहून आला, आता थेंबाला शिवत नाही." आम्हाला काहीच कळेना. मग उलगडा झाला की त्याच्या डोक्यात होते ते येरवड्याचे मुक्तांगण, डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले व्यसनमुक्ती केंद्र. आमचे अण्णा सुपारीलाही शिवत नाहीत! आई पदर तोंडाला लावून हसू लागली. अण्णाही ओशाळून हसले. पुढे कळले की या दोन्ही मुक्तांगणांच्या पाठीशी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा हात आहे. हा प्रसंग त्यांना सांगता आला असता तर त्यांनी त्याचे काय केले असते, या विचाराने मला अजून हसू येते.

बसने विद्यापीठात पोचलो. फाटकापाशी जत्रेसारखी रांग होती, आणि रांगेत सगळ्या प्रकारची माणसे होती. गणवेशातली खेड्यातली पोरे, त्यांना मोजून मोजून थकलेले गुरुजी, कडेवर मूल घेतलेल्या बाया, धोतर नेसलेले एक आजोबा. 'मोठ्या लोकांची जागा' पाहून अण्णांचा चेहरा जो आवळला होता तो या गर्दीत थोडा सैल झाला.

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. १९८८ साली त्याची स्थापना झाली. डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक. २० मे २०२५ रोजी ते गेले, पण त्यांच्या विज्ञानकथा आपल्या ग्रंथालयात आहेत आणि कला शाखेच्या मुलांनीही त्या वाचल्या आहेत. आवारातल्या इमारती चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या. मधल्या मोकळ्या जागेत चार पुतळे आहेत : आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. आजीने चौघांनाही नमस्कार केला. भाऊ म्हणाला, "आजी, हे देव नाहीत." आजी म्हणाली, "मोठी मानसं हैत ना? मग झालं."

आत एक भला मोठा लंबक टांगलेला आहे. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ साली पॅरिसमध्ये असा लंबक टांगून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवले होते. लंबकाचा झोका आपली दिशा सोडत नाही, पण खालची जमीन फिरते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की झोकाच हळूहळू वळतो आहे. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होतो. पुण्याच्या अक्षांशावर त्याला सुमारे ७५ तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडे जास्त लागतात. समजावून सांगणारी मुलगी आमच्याच वयाची होती. आजीने लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाली, "म्हंजी रेल्वेत बसल्याव झाडं पळत्यात, तसंच की!"

ती मुलगी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आजी, अगदी बरोबर." मला तेव्हा ते गंमतीचे वाटले. नंतर ग्रंथालयात शोधले तर लक्षात आले की इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वीच्या फिरण्याला जो दाखला दिला तो नावेचा आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच ताऱ्यांचे. आर्यभटापाशी नाव होती, दौंडच्या आजीपाशी रेल्वे.

तिथून आम्ही शोधिकेत गेलो. तिच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. हे सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे नाव, आणि त्यात 'पु. ल.' आहेतच. आजीला सप्तर्षी कळेनात. भावाने हवेत बोटाने चार आणि तीन तारे काढून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "हां, म्हातारीची बाज! आन् ते तीन चोर." आमच्याकडे खेड्यात त्या चार ताऱ्यांना बाज म्हणतात आणि मागच्या तिघांना बाज पळवायला आलेले चोर. पुलस्त्य हा चौकोनातला तारा. म्हणजे एवढी मोठी इमारत त्या बाजेच्या एका खुराच्या नावाची!

आणि इथे पहिल्यांदाच मला उलटा कारभार दिसला. टेबलांवर वस्तू पसरलेल्या होत्या आणि प्रत्येक टेबलामागचा माणूस सांगत होता, "हात लावा. उचला. मोडलं तर मोडू दे." वस्तू तरी काय? काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, स्ट्रॉ, जुन्या सीडी, बाटल्यांची झाकणे, वर्तमानपत्राचा कागद. आमच्या शाळेच्या कपाटात यातले काहीच नव्हते आणि आमच्या घरच्या माळ्यावर सगळे होते.

ही खेळणी ज्यांच्यामुळे घरोघर पोचली ते अरविंद गुप्ता कानपूरच्या आय. आय. टी.तून इंजिनियर झालेले. पुण्यात ट्रक बनवणाऱ्या टेल्कोत नोकरी करीत असताना १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. १९७२ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात खेड्यातल्या शाळांतली मुले स्वतः प्रयोग करीत शिकत होती. तिथल्या बाजारात मिळणाऱ्या काड्या आणि व्हॉल्वच्या नळ्या यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे नोकरी सोडून आयुष्यभर तेच केले. २०१४ पर्यंत ते या शोधिकेत होते, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'हात लावा' म्हणणारी संग्रहालये जगात इतरत्रही आहेत. अणुबाँबशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ फ्रँक यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत असे एक संग्रहालय उघडले. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राचे विज्ञान उद्यान १९७९ पासून आहे आणि पुरे केंद्र ११ नोव्हेंबर १९८५ ला खुले झाले. आपल्याच जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींची मांडणी आहे. तिथेही विज्ञान दिनाला गावोगावची शाळकरी मुले आपापले प्रयोग घेऊन जमतात. शिरूरकडच्या मंडळींना ते जवळ. पण या साऱ्यांत काड्या आणि झाकणे मला आमच्या घराच्या सर्वांत जवळची वाटली.

पहिल्या टेबलावर स्ट्रॉची पिपाणी होती. स्ट्रॉचे एक टोक दाबून चपटे करायचे, कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरपे कापून टोकदार करायचे आणि फुंकायचे. फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाने स्ट्रॉ कापत गेले की सूर चढत जातो. हवेचा खांब जितका आखूड, तितका सूर उंच. माझ्या भावाने गाल फुगवून फुंकले, आवाज निघेना. आजीने त्याच्या हातातून ती घेतली, ओठांत अंमळ आत धरली आणि असा आवाज काढला की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. "आमी आंब्याच्या कोयीची करायचो," ती म्हणाली. "मिरगाचा पाऊस पडला की उकिरड्याव कोय उगवायची. दगडाव घासायची आन् वाजवायची. बारीक केली की बारीक वाजती." पाच मिनिटांत आजीभोवती दहा मुले जमली आणि टेबलामागचा मुलगा तिच्याकडून कोय कशी घासायची ते विचारून घेऊ लागला. आजी आयुष्यात शाळेत गेलेली नाही. त्या दिवशी ती पाच मिनिटे मास्तर झाली.

अण्णा मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. मीही तशीच उभी होते. आम्हा दोघांची उभे राहण्याची तऱ्हा अगदी एक आहे, हे आईने तिथे बोलून दाखवले.

मग आले विजेच्या मोटारीचे टेबल. ही मोटार फार साधी. टॉर्चचा एक जाड सेल, त्याच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना आणि त्यांना धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचे रबर. सेलच्या पाठीवर एक चुंबक. वाइंडिंगच्या तारेचे दहा वेढ्यांचे वेटोळे करायचे, त्याची दोन टोके दोन बाजूंना काढायची आणि पिनांच्या भोकांत टेकवायची. टोकांवरचे वार्निश खरवडले की वीज जाते आणि वेटोळे फिरू लागते.

वेटोळे आईने केले. सेलवर तार गुंडाळताना तिचे वेढे असे एकाशेजारी एक बसले की जणू बॉबिनवर दोरा भरला आहे. आई घरी शिवणकाम करते. भावाने पिना लावल्या, टोके चांगली गोल फिरवून चकचकीत खरवडली आणि वेटोळे ठेवले. ते एकदा थरथरले आणि थांबले. पुन्हा ठेवले. पुन्हा थरथरले, पुन्हा थांबले. भाऊ रडवेला झाला. टेबलापाशी गर्दी होती आणि शिकवणारा मुलगा दुसऱ्या टोकाला गुंतला होता. पाठीमागून अगदी हळू आवाज आला, "सगळीकडून खरवडलंस. एका अंगाचं वार्निश ठेवायचं होतं."

अण्णांचा हात पाठीमागून पुढे आला. ते म्हणाले, "हे बघ. चुंबक अर्धा फेरा वेटोळ्याला पुढं ढकलतो. पण वीज तशीच चालू राहिली तर उरलेला अर्धा फेरा तोच त्याला मागं ओढतो. म्हणून अर्ध्या फेऱ्यात वीज द्यायची आणि अर्ध्यात बंद ठेवायची. तेवढ्यात ते आपल्या वेगानं पुढं निघून जातं. सारखं ढकलत राहिलं की ते जागीच थरथरतं."

अण्णा मोटारीबद्दल बोलत होते. मला मात्र जादा पाळ्या, क्लास, पहाटे साडेचारचा गजर असे सगळे आठवले, आणि ते बोलून झाल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले तेव्हा त्यांनाही काही आठवले असावे. मग त्यांनी नवी तार उचलली. आईने पुन्हा वेढे घातले. अण्णांनी पॉलिश पेपर माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू कर."

माझे हात तसेच गार पडले, त्या परीक्षेतल्यासारखे. पहिल्या वेळी माझ्याकडून दोन टोकांचे वार्निश वेगवेगळ्या बाजूंना राहिले. वेटोळे हललेच नाही. मी तयारीत होते की आता 'बरं' ऐकू येणार. पण अण्णा म्हणाले, "टोकाचं टोक कापून टाक, नवं घे. तार लांब आहे." दुसऱ्या वेळी मी वेटोळे टेबलाच्या कडेशी उभे धरले आणि दोन्ही टोके फक्त वरच्या अंगाने खरवडली. पिनांत टेकवले, बोटाने किंचित टिचकी दिली. ते फिरले. एकदा, दोनदा, आणि मग वेढे दिसेनासे झाले इतक्या जोरात.

"ताई पास!" भाऊ ओरडला.

आमच्या घरात तो शब्द तीन वर्षे कोणी उच्चारला नव्हता. आईने चटकन त्याचा हात धरला. आणि अण्णा हसले. रिक्षावाल्यापुढे ओशाळून हसले होते तसे नाही, मोकळे, मोठ्याने. बाजूला एका खेड्यातला मुलगा आपले न फिरणारे वेटोळे घेऊन उभा होता. त्याने अण्णांची बाही ओढली. "सर, माझं बघता का?" अण्णांना 'सर' म्हणणारा तो जगातला पहिला माणूस असावा. पुढचा तासभर अण्णा त्या टेबलाशी होते. शिकवणाऱ्या मुलाने त्यांना एक स्टूल आणून दिले होते, पण ते उभेच राहिले.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी होती. हडपसरला दोन जागा झाल्या, एकीवर आजी आणि एकीवर आई बसली. अण्णा आणि मी दाराजवळ उभे होतो. एक सिग्नल मागे गेला आणि मी मान बाहेर न काढता जेवढे दिसेल तेवढे पाहिले. तो हिरव्याचा लाल झाला होता. मी विचारले, "अण्णा, हा कोण लाल करतं?"

वीस वर्षे मी सिग्नलवाल्याच्या घरात राहते आहे. हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

"गाडीच करते," अण्णा म्हणाले. रुळांतून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असेल तर वीज रिलेपर्यंत पोचते, रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी त्या तुकड्यात शिरली की तिची लोखंडी चाके आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात. वीज मधूनच परत फिरते, रिलेला मिळत नाही, तो आपल्या वजनाने पडतो, आणि सिग्नल लाल होतो. गाडी आपल्या पाठीमागे आपणच लाल दिवा लावीत पुढे जाते. "आणि तार तुटली, बॅटरी उतरली, तरी रिले पडतोच. बिघाड झाला तर लालच व्हायला पाहिजे, हिरवं कधीच नाही. सगळी रचनाच तशी आहे."

पावसाळ्यात रात्री-बेरात्री फोन येतो आणि अण्णा रेनकोट चढवून जातात, हे मी लहानपणापासून पाहत होते. पाण्याने रुळांतली वीज भलतीकडे झिरपते, कुठला तरी रिले पडतो, गाड्या उभ्या राहतात, आणि तो तुकडा शोधायला जे जातात त्यांत अण्णा असतात, हे मला त्या दाराशी कळले.

लोणी गेल्यावर ते आपणहून बोलले. "मार्कांचं मी विसरलो होतो गं. तू लहानपणी किती विचारायचीस! दिवा का लागतो, इंजिन फिरवून दुसऱ्या बाजूला का लावतात. मला पुस्तकातलं येत नव्हतं, म्हणून क्लास लावला. मग तू विचारायचंच बंद केलंस."

मी काय बोलणार? मला वाटत होते की विज्ञान माझ्या वडिलांचे आहे आणि मी त्यातून हाकलली गेले. त्यांना वाटत होते की ते पुस्तकवाल्यांचे आहे आणि आपण बाहेरचे. दोघेही एकाच कपाटाच्या काचेबाहेर उभे होतो.

दौंडला उतरलो तेव्हा नऊ वाजत आले होते. कॉलनीच्या रस्त्याने चालताना आजी थांबली आणि ईशान्येकडे बोट दाखवू लागली. बाजेचे चारही खूर वर आले होते. चोर अजून झाडांच्या आड होते. भावाने तिला विचारले, पुलस्त्य कुठला? आजी म्हणाली, "तूच मोज."

त्यानंतर आमच्या व्हरांड्यात रविवारी दुपारी एक टेबल मांडले जाते. कॉलनीतली मुले येतात, आई वेढे घालून देते, अण्णांची ड्यूटी नसेल तर ते असतात, नाही तर मी असते. डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जाताना मी त्याच वस्तू एका डब्यात घालून नेल्या. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मुले मोटारी करीत होती, तेव्हा एक शेतकरी काका मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी विचारले, "पोरी, पंपाची मोटार जळती म्हंजी नेमकं काय जळतं?" कला शाखेच्या या विद्यार्थिनीने सांगितले, "काका, तारेवरचं हे वार्निश. ते जळलं की एका वेढ्याची वीज दुसऱ्या वेढ्यात शिरते आणि सगळं वेटोळंच जातं." ते तार बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिले. "वीस वर्सं वाइंडिंग भरून आनतोय," ते म्हणाले, "आन् वार्निश आज बघितलं."

आपल्या गावात मोठे विज्ञान संग्रहालय व्हायचे तेव्हा होईल. तोवर एक टेबल पुरते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. अट एकच, की त्याच्याभोवती घरातली सगळी माणसे असावीत, आणि चुकल्यावर कोणी 'बरं' म्हणू नये.

गेल्या जुलैत एका रात्री मुसळधार पाऊस पडत होता. फोन आला, अण्णा गेले. पहाटे तीनला परतले तेव्हा मी जागी होते. आईने चहा ठेवला. रेनकोटातून पाणी निथळत होते. मी विचारले, "कुठला रिले पडला होता?"

अण्णा ओले तसेच पाटावर बसले, खिशातली पेन्सिल काढली आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कडेवर रुळाच्या दोन रेघा ओढू लागले.